काठीची पारख

मढच्या कोळीवाड्यात जाळ्याची पारख दोन प्रश्नांनी होते. जाळे मासळी किती देते, हा पहिला. आणि ते किती हंगाम टिकते, हा दुसरा. वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकाच चांगुलपणाचे दोन अंश वाटतात. पण व्यवहारात ते पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात. सुताच्या आणि तागाच्या जाळ्यांचा काळ होता तेव्हा जाळे झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावे, वाळूवर पसरून वाळवावे, फाटले की दारात बसून सांधावे, असा क्रम असे. जाळे टिके ते घरातल्या माणसांच्या हातांमुळे. पुढे नायलॉन आले. ते कुजेना, हलके असूनही तुटेना, वाळवण्याची दगदग वाचली. उन्हाने तेही कडक होऊन जाते, आणि समुद्रात हरवले तर वर्षानुवर्षे तसेच तरंगत राहून मासळी मारीत बसते, हे मागाहून ध्यानात आले. साधन बदलते तेव्हा त्याची पारख करण्याची रीतही बदलते, आणि ती कोणाच्या सोयीने बदलली हे बहुधा कोणी लिहून ठेवीत नाही.

आज मला लिहावयाचे आहे ते जाळ्याविषयी नव्हे, हॉकीच्या काठीविषयी. मढ ज्या साष्टीच्या मुलखात मोडते त्याच मुलखात, वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये, एके काळी हॉकी हा घरोघरचा खेळ होता. आणि मुंबईच्या मैदानांनी या देशाला ऑलिंपिकचे किती खेळाडू दिले, हे जुन्या माणसांना सांगावयास नको. पण आपल्याकडे हॉकीचा इतिहास लिहिला गेला तो सामन्यांचा. कोणी किती गोल केले, कोणत्या साली कोणाला हरवले, हे मुलांना पाठ असते. ज्या काठीने हे सारे केले ती कोठून आली, तिची निवड कशी होई, ती किती दिवस चाले आणि मोडल्यावर तिचे काय होई, याची वास्तपुस्त कोणी केलेली नाही. मला वाटते, आपल्या हॉकीच्या चढउताराचा बराचसा उलगडा या काठीपाशी होतो.

खेळ आणला इंग्रज पलटणींनी. कलकत्त्यास पहिला हॉकी क्लब निघाला १८८५ साली, तेथील बाइटन चषकाचे सामने सुरू झाले १८९५ मध्ये, आणि लगोलग १८९६ मध्ये मुंबईत आगाखान चषकाची स्पर्धा उभी राहिली. इंग्रजांनी खेळाबरोबर आपली काठीही आणली. ती ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाची असे, आणि तिचे खालचे वळण लांबट, पसरट असे. विलायतेतल्या ओलसर, दाट गवताच्या मैदानावर चेंडू रेंगाळतो. तेथे जोराने फटका मारून त्याला पुढे ढकलावयाचे असते, आणि त्या कामाला ही लांब जिभेची काठी ठीकच होती.

आपल्याकडची मैदाने निराळी. पंजाबातली पलटणींची मैदाने काय किंवा आपली मुरमाची मैदाने काय, कडक आणि कोरडी. चेंडू त्यांवरून पाऱ्यासारखा धावतो. त्याला काठीशी खेळवीत न्यावयाचे तर काठी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे क्षणार्धात उलटवता आली पाहिजे. कारण हॉकीत चेंडूला काठीची सपाट बाजूच लागावी, पाठ लागता कामा नये, असा नियम आहे. लांब जिभेची काठी उलटवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात चेंडू दुसऱ्याचा होतो. म्हणून इथे वळण आखूड झाले. पण ॲशचे लाकूड फार आखूड वळणात वाकवले की त्याच्या शिरा फाटतात. त्याला पर्याय निघाला तुतीचा. तुतीचे लाकूड चिवट. वाफेवर नरम करून कमी जागेत वळवले तरी त्याच्या शिरा वळणाबरोबर वळतात, तुटत नाहीत. पुढे सगळ्या जगाने हीच आखूड वळणाची काठी उचलली, आणि विलायतेतली लांब जीभ मागे पडली. ध्यानचंदांच्या मनगटाची कीर्ती आपण गातो ते योग्यच आहे. पण त्या मनगटाला साथ देणारे वळण कोण्या अनामिक सुताराने शोधले, त्याचे नाव कोठेच नाही.

हा सुतार बहुधा सियालकोटचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या गावात खेळाच्या सामानाचा धंदा उभा राहिला आणि उबेरॉय यांच्यासारख्या पेढ्यांनी तो सातासमुद्रापार नेला. लाहोरजवळ चांगा-मांगा म्हणून एक लावलेले जंगल आहे. आगगाडीच्या इंजिनांना जळण पाहिजे म्हणून १८६६ च्या सुमारास इंग्रजांनी ते कालव्याच्या पाण्यावर वाढवले. त्यांनी मुख्यतः शिसव लावला होता, पण कालव्याच्या पाण्याबरोबर तुतीचे बी वाहत आले आणि ती आपोआप फोफावली, असे सांगतात. इंजिनाच्या भट्टीत जायचे ते लाकूड सियालकोटच्या कारखान्यात गेले आणि हॉकीची काठी झाले. इतिहासात अशा गमती पुष्कळ असतात.

त्या काळची काठी दोन जातींच्या लाकडांची मिळून होई. खालचे वळण तुतीचे. वरची मूठ वेताची. वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, मध्ये रबराच्या पातळ पट्ट्या घालून ती मूठ तयार करीत आणि पाचरीसारखी खालच्या लाकडात बसवीत. जोराचा फटका बसला की जो झटका हाताला यायचा, तो हे रबर आणि वेत गिळून टाकीत. क्रिकेटच्या बॅटीची मूठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना चटकन समजेल.

दुकानात गेलेला जाणता खेळाडू काठी कशी पारखी, हे ऐकण्यासारखे आहे. तो आधी रंग आणि चिठ्ठी पाहावयाचा नाहीच. तो पाही लाकडाच्या रेषा. त्या दांड्यावरून खाली येऊन वळणाबरोबर अखंड वळल्या आहेत की वळणाच्या तोंडाशी तुटून बाहेर पडल्या आहेत, हे पहिले. रेष तुटली असेल तेथे काठी आज ना उद्या उकलणार. मग गाठ आहे काय, हे बोटाने चाचपून पाही. मग काठी जमिनीवर उभी आपटून तिचा आवाज ऐकी. वाळलेले लाकूड टणत्कार देते, ओले लाकूड बद्द वाजते. ओल्या लाकडाची काठी दुकानात सरळ दिसते, पण दोन उन्हाळे गेले की हळूच वाकडी होते. सर्वांत शेवटी तो काठी हातात तोलून पाही. नियमाने पुरुषांच्या काठीचे वजन अठ्ठावीस औंसांच्या वर नसावे, आणि ती दोन इंच व्यासाच्या कड्यातून पार झाली पाहिजे, एवढीच सरकारी परीक्षा होती. बाकी सारी परीक्षा हातांची.

यातली खुबी अशी की, या परीक्षेत कामगिरी आणि टिकाऊपणा या दोन्ही गोष्टी एकाच नजरेने पाहिल्या जात. ज्या रेषेमुळे काठी मोडत नाही, त्याच रेषेमुळे फटक्याला जोर येतो. मात्र एका बाबतीत दोहोंचे भांडण होते, ते वजनाच्या. जड काठी जास्त टिके आणि बचाव करणाऱ्या बॅकच्या हाती शोभे; हलकी काठी आघाडीच्या खेळाडूला हवी असे, आणि ती लवकर मोडे. त्यामुळे जुन्या संघांत काठ्यांचा जास्त खर्च फॉरवर्ड मंडळींचा, आणि त्यावरून चेष्टाही व्हावयाची.

विकत घेतल्यावर काठीची खरी देखभाल सुरू होई. तिच्या वळणाला जवसाचे कच्चे तेल पाजावयाचे, तेही बेताने. जास्त पाजले तर लाकूड जड आणि बोथट होते, कमी पाजले तर तडकते. मुठीला मात्र तेलाचा थेंब लागू द्यावयाचा नाही. कडक मैदानावर काठीचे नाक, म्हणजे वळणाचे टोक, घासून घासून झिजते. त्यावर फीत गुंडाळावयाची. दांड्याला बारीकशी चीर दिसली की सरस भरून वर मेणाचा दोरा आवळून बांधावयाचा. अशी दुरुस्त केलेली काठी पुन्हा पहिल्यासारखी होत नसे. पण ती आणखी एक हंगाम निघे, आणि त्यानंतर धाकट्या भावाकडे जाई. लाकडी काठीचा एक मोठा गुण म्हणजे ती एकदम मरत नसे. आधी सालपटे निघत, मग आवाज बदले, मग फटका मऊ पडे. ती मालकाला पुरेशी सूचना देऊन जाई.

आता प्रश्न असा की, ही काठी विकत कोण घेई? हॉकीचे बहुतेक मोठे संघ पलटणींचे, रेल्वेचे, पोलिसांचे, कस्टम्सचे. काठी वापरणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. कोठीवरचा कारकून डझनाचा भाव पाहणार आणि गेल्या डझनातल्या किती मोडल्या हे विचारणार. खेळाडू मात्र एकच काठी छातीशी धरून बसणार आणि ती मोडली तर घरातले कोणी गेल्यासारखा चेहरा करणार. टिकाऊपणाची पारख कोठीत आणि कामगिरीची पारख मैदानात, अशी ही वाटणी फार जुनी आहे. ध्यानचंद पलटणीतले शिपाई होते हे येथे आठवावे. ज्या देशात खेळाडूला स्वतःच्या पगारातून काठी घेणे जड, त्या देशात काठी टिकणे हाही खेळाचाच भाग असतो.

१९२८ साली ॲम्स्टरडॅमला निघालेला हिंदुस्थानचा संघ जाण्याआधी मुंबईत एक सामना खेळला आणि मुंबईच्या संघाकडून तीन विरुद्ध दोन गोलांनी हरला. १० मार्च रोजी 'कैसर-इ-हिंद' बोटीवर तो संघ चढला तेव्हा निरोप द्यायला अवघी तीन माणसे धक्क्यावर होती, असे हॉकीच्या बखरीत नोंदलेले आहे. हरलेल्या संघाला कोण निरोप देणार! तोच संघ ॲम्स्टरडॅमला एकही गोल अंगावर न घेता सुवर्णपदक घेऊन आला, आणि ध्यानचंदांनी एकट्याने चौदा गोल केले. मुंबईला या घटनेचा अभिमान वाटतो, तो बाजूला ठेवू. मला त्यात दिसते ते असे की, मुंबईच्या मैदानावर दोन्ही संघांच्या हाती एकाच जातीच्या काठ्या होत्या, म्हणून तेथे माणसांची परीक्षा झाली. युरोपात गेल्यावर लोकांना ही माणसे जादूगार वाटली, आणि जादू म्हटली की लोक ती वस्तूत शोधतात. हॉलंडमध्ये ध्यानचंदांची काठी मोडून आत लोहचुंबक आहे काय ते पाहिले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्या साल-तिथीची खातरजमा करण्यात अर्थ नाही, कारण ती आख्यायिकाच आहे. पण आख्यायिका म्हणून ती मोलाची आहे. काठीची पारख करण्याची याहून खुळी रीत दुसरी नसेल: मोडली की तिचे दोन्ही गुण संपले.

साधनाची खरी परीक्षा पाऊस घेतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हावयाचा तो पावसाने एक दिवस पुढे गेला. मैदान ओले आणि निसरडे. महिन्याभरापूर्वी सरावाच्या सामन्यात जर्मनांनी आपल्या संघाला चार विरुद्ध एक असे हरवले होते, ती धाकधूक मनात होतीच. अर्धा वेळ संपला तेव्हा आपल्याकडे एकच गोल होता. ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढून टाकले आणि साध्या रबरी तळव्यांवर उतरले. सामना संपला तो आठ विरुद्ध एक. लोकांनी पुढे त्यांना अनवाणीच करून टाकले. आपल्या लोकांना वीर अनवाणी असलेला आवडतो. परंतु रबरी तळव्यांची गोष्टच मला अधिक शहाणपणाची वाटते. भारी बूट टिकाऊ खरे, पण त्या मैदानावर त्या घटकेला ते निरुपयोगी आहेत, हे ओळखून साधन बदलणे ही पारखच झाली.

बारा वर्षांनी, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, वेम्ब्लीच्या चिखलात स्वतंत्र भारताने ब्रिटनला चार विरुद्ध शून्य हरवले. मुंबईच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे किशनलाल त्या संघाचे नायक होते, आणि लिओ पिंटो हे मुंबईचे गोलरक्षक संघात होते. त्या सामन्यात किशनलाल आणि के. डी. सिंग 'बाबू' यांनी बूट काढून ठेवले, असे सांगतात. तुतीची काठी मात्र ओल्यात बदलता येत नाही. पाण्याने फुगलेले लाकूड जड होते, सरस सैल पडतो, सांध्यात पाणी शिरते. ओल्या मैदानावरचा एक सामना काठीचे अर्धे आयुष्य खाऊन टाकी.

वेम्ब्लीच्या विजयाच्या एक वर्ष आधी देशाचे दोन तुकडे झाले होते, आणि काठीचेही झाले. सियालकोट सीमेपलीकडे गेले. तेथले हिंदू आणि शीख कारखानदार व कारागीर जालंधरला आणि मीरतला येऊन बसले. चांगा-मांगाची तुती तिकडेच राहिली. हत्यारे आणता येतात, हातातली कला आणता येते; जंगल आणता येत नाही. तुती नव्याने हुडकावी लागली, लाकूड वाळवण्याच्या वखारी नव्याने बांधाव्या लागल्या. जालंधरच्या वस्त्यांतून पुन्हा काठ्या निघू लागल्या आणि मुंबई-पुण्याच्या दुकानांत आल्या, यात त्या विस्थापितांची केवढी हिंमत होती! पुढे कितीतरी वर्षे भारत आणि पाकिस्तान हॉकीत एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा दोन्हीकडच्या काठ्या एकाच गुरुकुलाच्या होत्या.

१९२८ पासून १९७२ पर्यंत एकाही ऑलिंपिकमधून आपला हॉकी संघ पदकावाचून परतला नाही. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकही आला. आणि पुढच्याच वर्षी मॉन्ट्रिऑलला हॉकी प्रथमच कृत्रिम गालिच्यावर खेळली गेली. ऑस्ट्रेलियाने आपल्याला सहा विरुद्ध एक असे झोडपले, आणि भारत सातवा आला. त्या दिवसापासून आपल्याकडे 'ॲस्ट्रोटर्फने आपली हॉकी मारली' असे म्हणण्याची प्रथा पडली. मला ती अर्धीच खरी वाटते. त्याच गालिच्यावर पाकिस्तानने कांस्यपदक मिळवले होते, आणि १९८० मध्ये मॉस्कोच्या गालिच्यावर आपणही सुवर्णपदक जिंकले, मग त्या वेळी कित्येक देश बहिष्कारामुळे आले नव्हते हे खरे असले तरी. गालिच्याने खेळ मारला नाही. त्याने पारखीचे माप बदलले.

कसे ते पाहू. गालिचा सपाट असतो, त्यावर पाणी मारलेले असते, आणि चेंडू सरळ रेषेत अतिशय वेगाने जातो. ज्या मनगटी खेळाने खडबडीत मैदानावर चेंडू ताब्यात ठेवायचा, त्याची निकड कमी झाली. लांबून जोराने मारणे आणि धावणे यांची वाढली. काठीचे हाल तर दोन्हीकडून झाले. पाण्याने लाकूड फुगू लागले आणि गालिच्याच्या धाग्यांनी तिचे नाक रंध्याने तासावे तसे तासले जाऊ लागले. मुरमावर दोन हंगाम चालणारी काठी तेथे फार लवकर हात टेकू लागली. मग लाकडाला काचतंतूंचे वेष्टण आले. काही काळ ॲल्युमिनियमचे दांडे आले; ते मोडले की धारदार पत्रा उघडा पडतो म्हणून धोकादायक ठरून बंद झाले. १९९० च्या दशकात कार्बन, केव्हलार आणि काचतंतू राळेत बसवून केलेल्या काठ्या पुढे आल्या आणि बघता बघता लाकूड वरच्या दर्जाच्या खेळातून हद्दपार झाले. जालंधरच्या कारागिरांनी ही विद्याही शिकून घेतली.

नवी काठी कामगिरीत सरस आहे, यात वाद घालण्यात हशील नाही. ती ताठ असते, फटक्याचा जोर लाकडासारखा स्वतःत जिरवीत नाही, पाणी पीत नाही, आणि एकाच साच्यातून निघालेल्या दहा काठ्या दहाही सारख्या असतात. दांड्याला कमानीसारखा बाक देता येतो, त्यामुळे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू ओढून भिरकावता येतो. हा बाक इतका वाढला की शेवटी नियम करून तो पंचवीस मिलिमीटरवर रोखावा लागला. वजनाची मर्यादाही ७३७ ग्रॅमवर आली आहे. पण ती टिकते किती? येथे उत्तर देणे अवघड होते, कारण लाकूड जसे आधी सांगून मरे तशी ही मरत नाही. आतल्या थरांत बारीक तडे जात राहतात, वरचा रंग तसाच चकचकीत असतो, फटका किंचित मऊ पडतो, आणि एके दिवशी ऐन सामन्यात ती मध्येच मोडते. रेषा पाहण्याची, आवाज ऐकण्याची जुनी पारख तिला लागू पडत नाही. आणि मोडल्यावर सरस आणि मेणाचा दोरा यांचा तेथे काही उपयोग नाही. ती टाकूनच द्यावी लागते.

हीच कथा बर्फावरच्या हॉकीची आहे, आणि ती पाहिली म्हणजे हे केवळ आपले गाऱ्हाणे नव्हे हे पटते. कॅनडात नोव्हा स्कोशियाचे मिकमॅक आदिवासी एका अखंड लाकडातून काठ्या कोरीत. पुढे ॲशच्या लाकडाच्या काठ्या आल्या, मग ॲल्युमिनियमच्या, आणि २००० च्या सुमारास एकसंध कार्बनच्या. तेथेही काठी हलकी आणि जोरदार झाली आणि तेथेही ऐन मोक्याला ती मोडते अशी ओरड झाली. मोठ्या संघांना त्याचे काही वाटत नाही; त्यांच्या बाकामागे काठ्यांची चळत उभी असते. आपल्या देशात हा खेळ लडाखला रुजला. तेथल्या जुन्या खेळाडूंकडून ऐकावे तर सुरुवातीला लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून मुले बर्फावर उतरत. गोठलेल्या तळ्यावर जेमतेम दोन-तीन महिने खेळावयाचे, सामान उसने, आणि मोडलेले सामान दुरुस्त करूनच पुढचा हिवाळा गाठावयाचा. भारताच्या महिला संघाने २०१६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची विख्यात खेळाडू हेली विकेनहायझर लेहला आली ती सामानाची गाठोडी बरोबर घेऊनच. त्याच संघाने २०२५ मध्ये आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. कॅनडात जी काठी एका महिन्याची म्हणून टाकून देतात, ती लेहमध्ये किती हिवाळे निघते, यावर कोणी निबंध लिहावा!

पण लेहपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याची वसाहत आहे. तेथे १९६८ साली धनराज पिल्ले जन्मले. वडील मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. घरात भावंडे पुष्कळ. मोठ्यांच्या मोडक्या काठ्या आणायच्या, त्या दोऱ्यांनी आवळून बांधायच्या, आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी वसाहतीच्या चिकट मातीवर खेळावयाचे, असे त्यांचे बालपण गेले. थोरले बंधू रमेश मुंबईत चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्सकडून खेळत. त्यांच्यामागून धनराज मुंबईला आले. पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत नायक म्हणून सुवर्णपदक. आमच्याकडे या गोष्टीकडे गरिबीतून वर आलेल्या मुलाची गोष्ट म्हणून पाहतात. मी ती काठीच्या बाजूने वाचतो. त्या घरात काठी आली ती लाकडी होती म्हणून आली. मोडकी काठी बांधता येत होती, म्हणून ती टाकणाऱ्याकडून उचलणाऱ्याकडे जाऊ शकली. एका काठीच्या आयुष्यात तीन-चार खेळाडू शिकत. तिचा टिकाऊपणा हंगामांत मोजणे म्हणूनच अपुरे आहे. तो हातांत मोजला पाहिजे. कार्बनची काठी मोडली की तिच्याबरोबर पुढचे दोन-तीन हातही जातात, आणि ते कोणत्याच जमाखर्चात दिसत नाहीत.

कोणी म्हणेल, मग परत तुती आणा. तसे होत नसते, आणि व्हावे असे मला वाटतही नाही. मुंबईच्याच मरीन लाइन्स भागातल्या एका खोलीत, जेथे वर्षानुवर्षे विजेचा दिवा नव्हता, वाल्मीकी बंधू वाढले. २०११ च्या आशियाई चॅम्पियन्स स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारणारा युवराज तो याच घरातला, आणि त्याचा भाऊ देविंदर २०१६ च्या ऑलिंपिकला गेला. त्यांचा खेळ गालिच्याचाच. म्हणजे वाट बंद झालेली नाही, महाग झाली आहे. आणि ती ज्यांनी ओलांडली त्यांच्याकडे बोट दाखवून महागाईचा प्रश्न मिटवता येत नाही.

गोलरक्षकाच्या सामानात तर हा हिशेब उघडाच दिसतो. जुन्या काळचे त्याचे पॅड क्रिकेटच्या पॅडसारखे, वेताच्या काड्या आणि कापूस घातलेले. पावसात ते पाणी पिऊन शेराचे दोन शेर होत, पण फाटले तर मोची शिवून देई. आताचे फोमचे. चेंडू त्यांवर आपटून दूर उडतो, म्हणजे रक्षणाबरोबर ते प्रतिहल्लाही करतात, आणि ताशी शंभर मैलांच्या आसपास येणाऱ्या चेंडूसमोर वेताचे पॅड बांधून उभे राहा असे कोणी कोणास सांगू नये. केरळच्या श्रीजेशला पहिले चांगले पॅड घ्यावयाचे होते तेव्हा त्याच्या शेतकरी वडिलांनी गाय विकली. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकांच्या संघात गोलपुढे तोच उभा होता. त्या गायीच्या दुधाचा आणि त्या पॅडच्या टिकाऊपणाचा ताळेबंद त्या घराने नक्कीच मांडला असेल.

सामन्यापूर्वी आजही काठ्या तपासतात. दोन इंचांचे ते जुने कडे अजून नियमपुस्तकात आहे. काठी त्यातून जाते की नाही, बाक किती, वजन किती, काठावर तीक्ष्ण काही नाही ना, एवढे पाहतात. ही सारी परीक्षा खेळ धोक्याचा होऊ नये म्हणून आहे, आणि ती योग्यच आहे. काठी किती सामने निघेल, दुरुस्त होईल काय, हे तेथे कोणी विचारीत नाही. ते विचारणे बाजाराने आपल्याकडे घेतले आहे, आणि बाजाराला त्याचे उत्तर देण्याची घाई नाही.

इतक्यात आणखी एक बदल होऊ घातला आहे. गालिच्यावर पाणी मारणे पृथ्वीला परवडत नाही, हे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या ध्यानात आले आहे. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये आधीच्यापेक्षा कमी पाणी लागणारा गालिचा अंथरला होता, आणि पुढेमागे मुळीच पाणी न लागणारा करावा असा प्रयत्न चालू आहे. कोरड्या गालिच्यावर घर्षण वाढते. चेंडू थोडा थांबतो, आणि काठीचे नाक जास्त घासते. नाकाला फीत गुंडाळण्याची जुनी सवय जालंधरच्या कारखानदारांना त्यासाठी बहुधा पुन्हा आठवावी लागेल. आणि रेंगाळणाऱ्या चेंडूपुढे मनगट फिरवता येणाऱ्या मुलाला संघात जागा मिळेल की काय, हे पाहावयाचे आहे.